सासूबाई, ओहोटी आणि घोड्याची खिचडी

हा प्लॅन मूळचा माझा नव्हताच. नवऱ्याने चार दिवसांचं अलिबाग-मुरूड बुकिंग करून ठेवलं आणि आदल्या दिवशी ऑफिसचं काहीतरी निघालं म्हणून स्वतः गळला. पैसे परत मिळणार नव्हते, म्हणून मग मी आणि सासूबाई निघालो. सासूबाई मूळच्या रोह्याकडच्या, वय वर्षे ७२, स्वभाव "मला सगळं माहितीये पण तू सांग". मला जुने शब्द गोळा करायचा नाद आहे, वही घेऊन फिरते मी, आणि त्यांना माझी वही म्हणजे रिकामपणाचे उद्योग वाटतात. गाडी मी चालवणार आणि ब्रेक त्या शेजारी बसून मारणार, असं सगळं ठरलेलं.

दिवस पहिला

सकाळी भाऊचा धक्का. लहानपणी मला वाटायचं की कुणीतरी भाऊ तिथे येणाऱ्याजाणाऱ्याला ढकलतो. खरे भाऊ म्हणजे लक्ष्मण अजिंक्य, एकोणिसाव्या शतकातले, त्यांनी तो बांधला, आणि धक्का म्हणजे होडी लागायची जागा. हा शब्द आता फक्त या एका नावातच उरलाय बहुतेक, बाकी सगळीकडे जेट्टी झाली.

रो-रो बोटीत गाडी चढवली, वर जाऊन बसलो. मी म्हटलं, "आई, बघा, अख्खी गाडी घेऊन समुद्रातून चाललोय." तर त्या म्हणाल्या, "त्यात काय, आम्ही तरीने जायचोच की खाडी ओलांडून, बैल पण असायचे." मला आधी मिसळीवरची तर्रीच आठवली. मग कळलं, तर म्हणजे माणसं-सामान पैलतीराला नेणारी होडी. वही काढली. त्या म्हणाल्या, "झालं हिचं सुरू."

मांडव्याला उतरून अलिबाग, वीसेक किलोमीटर. रस्त्यात अर्थातच तो विषय निघाला, "अलिबागसे आया है क्या". तुम्हाला माहितीये का, एका अलिबागकराने हे वाक्य सिनेमा-टीव्हीतून बंद करा म्हणून थेट हायकोर्टात याचिका केली होती, २०१९ साली, आणि कोर्टाने ती फेटाळली, म्हणजे साधारण असंच म्हटलं की विनोद सगळ्यांवरच होतात, मनावर घेऊ नका. सासूबाईंचं मत, "बरोबर आहे त्याचं. आमच्या रोह्यावर कुणी बोललं असतं तर मी पण गेले असते."

आता गंमत बघा, ज्या गावाच्या नावाने लोकांना अडाणी म्हणायचं, तिथे शंभराहून जास्त वर्षं पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालू आहे. ही वेधशाळा आधी मुंबईत कुलाब्याला होती. मुंबईत ट्राम सुरू झाली १८७४ ला, पण ती घोडे ओढायचे. घोड्याचं चुंबकाशी काही वाकडं नाही, त्यामुळे सगळं मजेत चाललं होतं. मग ठरलं की ट्राम विजेवर चालवायची. वीज वाहिली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, म्हणजे ट्राम गेली की काटा हलणार, आणि मग पृथ्वीने हलवला का ट्रामने ते कोण सांगणार? तेव्हाचे प्रमुख नानाभाई मूस यांनी बिऱ्हाड उचलून १९०४ मध्ये अलिबागला आणलं. दोन वर्षं दोन्हीकडे एकदम मोजमापं घेतली, जुन्या आकड्यांशी नवे जुळवून बघायला, आणि १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली. ती ट्राम १९६४ मध्ये बंद पण पडली, वेधशाळा मात्र अजून इथेच आहे.

आत जायला परवानगी लागते, आमच्याकडे नव्हती, म्हणून फाटकाबाहेरूनच बघितली. मोजणीच्या इमारती लोखंड न वापरता बांधल्यात हे सांगितल्यावर सासूबाईंनी पर्समधली सेफ्टीपिनांची माळ चाचपली, "माझ्या पिनांनी काही होईल का गं त्यांना?" मी म्हटलं, बाहेरून नाही होणार. तरी दोन पावलं मागे सरकल्या.

दिवस दुसरा

कुलाबा किल्ला ओहोटीलाच चालत गाठता येतो. राहायच्या ठिकाणच्या पोऱ्याने सांगितलं, "बाराला निघा मॅडम, आरामात." मी मोबाईल काढला तर रेंज नाही. सासूबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एक नजर टाकली, "आज पंचमी. पाच पाऊण पावणेचार. पावणेचारला भरती, त्यात सहा मिळव, पावणेदहाला ओहोटी. आटप लवकर."

मी टूथब्रश तोंडात घेऊन बघतच राहिले. हिशोब एवढाच आहे की तिथीला पाऊणने गुणायचं, येईल ते भरतीचं घड्याळ. चंद्र रोज साधारण पाऊण तास उशिरा येतो, भरती त्याच्या मागे मागे येते, आणि आपल्या किनाऱ्यावर पुनवेला-अवसेला भरती बाराच्या सुमाराला असते, म्हणून मोजणी तिथून सुरू करायची. प्रतिपदेला पाऊण, द्वितीयेला दीड, तृतीयेला सव्वादोन. अगदी मिनिटाला बरोबर येत नाही पण होडी काढायला पुरतं. आणि हे गुणायला त्यांना बोटं मोजावी लागली नाहीत कारण शाळेत पाऊणकी पाठ. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी, हे सगळे अपूर्णांकांचे पाढे. औट म्हणजे साडेतीन. साडेतीनाचा पाढा! मला बाराच्या पुढे कॅल्क्युलेटर लागतो. रेंज आल्यावर मुद्दाम बघितलं, मोबाईलवर ओहोटी दहाला पाच कमी.

घोडागाडीने गेलो. ओल्या वाळूत चाकं रुततात, मग घोडा थांबतो, गाडीवाला त्याला काहीतरी कानात सांगतो, मग परत चालतो. किल्ला शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये बांधायला घेतला आणि संभाजी महाराजांच्या काळात पुरा झाला. पुढे तो आंग्र्यांचा. कान्होजी आंग्रे सरखेल. सरखेल म्हणजे आरमाराचा प्रमुख, इंग्रज त्यांना चाचा, म्हणजे समुद्री लुटारू म्हणायचे, कारण ते परवान्याशिवाय जहाजं जाऊ देत नसत, आणि इंग्रजांना परवाना नेहमी दुसऱ्याने घ्यावा असं वाटायचं.

आता आरमार हा शब्द घ्या. छाती फुगवून म्हणतो आपण, मराठ्यांचं आरमार. तो शब्द पोर्तुगीज, आर्मादा. आरमारातली गुराब, म्हणजे लढाऊ जहाज, हा शब्द अरबी, आणि अरबीत गुराब म्हणजे कावळा. नाखवा फारशी, नाखुदा. समुद्रावर भाषेची चौकशी कुणी केलेली दिसत नाही, जो जे म्हणाला ते घेतलं.

वर तटावर दोन तोफा आहेत लोखंडी गाड्यावर, त्यांच्याजवळ फोटोसाठी रांग. एक मुलगा मित्राला सांगत होता, "महाराजांच्या वेळची आहे." मी वाकून वाचलं तर इंग्रजी अक्षरं, यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्याचं नाव, साल १८४९. तोपर्यंत अलिबाग इंग्रजांनी गिळून पण झालं होतं. मी तोंड उघडणार एवढ्यात सासूबाईंनी चिमटा काढला, "राहू दे, त्याचा फोटो चांगला येतोय."

आत गणपतीचं देऊळ, राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं, आणि भर समुद्रात गोड्या पाण्याची विहीर. तिथे सासूबाई एका बाईशी गप्पा मारत बसल्या, विषय पोफळीच्या वाडीचा, आणि मी वहीत आळं, पाट, शिंपणं, झाप, असं उतरवत बसले. झाप म्हणजे नारळाच्या झावळ्यांची विणलेली ताटी. भरतीचा हिशोब कुणी केला होता? त्यांनी. वेळ कुणी विसरली? त्यांनीच. सव्वाबाराला उतरलो तर घोडागाडी नाही, पाणी गुडघ्याला. एका हातात पर्स, एका हातात माझा दंड, साडी खोचलेली, मधेच एक चप्पल वाहून गेली. काठावर आल्यावर म्हणाल्या, "पाढा बरोबरच होता, मीच चुकले." हे वाक्य मी तारीख घालून वहीत लिहिलंय.

संध्याकाळी एक चप्पल नवीन (म्हणजे दोन्ही, एक विकत देत नाहीत) घेऊन इस्राइल आळी. अलिबागला येऊन ही आळी न बघता फक्त बीचवर उंटावर बसून जाणाऱ्यांचं मला वाईट वाटतं. बेने इस्राइली, म्हणजे कोकणातले ज्यू. त्यांची आख्यायिका अशी की खूप पूर्वी जवळच नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटलं आणि त्यातून सात जोडपी वाचली, त्यांचे हे वंशज. गावोगाव तेलाचे घाणे चालवायचे, पण शनिवारी त्यांचा सब्बाथ, घाणा बंद. गावाला एवढंच दिसलं की हे तेली शनिवारी काम करत नाहीत, म्हणून नाव पडलं शनिवार तेली. धर्म काय, ग्रंथ काय, कुणी विचारलं नाही, सुट्टी कधी तेवढं बघितलं.

आडनावं गावांवरून, पेणकर, नवगावकर, किहीमकर. मी सांगत होते की रोहेकर पण आहेत त्यांच्यात, तर सासूबाई रस्त्यातच थांबल्या. "म्हणजे आमच्या गावचे?" हो. "आणि आता कुठे असतात?" बरेचसे इस्राएलला गेले, तिथे अजून मराठी बोलणारे आहेत, मराठी नियतकालिकसुद्धा निघत आलंय. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमच्याकडे एक तेलीण यायची तेल घेऊन, शनिवारी यायची नाही. आजी म्हणायची तिचा उपास असतो." माझ्या वहीपेक्षा हे भारी होतं, आणि मी दहा वर्षं या बाईच्या घरात राहतेय!

दिवस तिसरा

चौल-रेवदंडा. चौल म्हणजे ग्रीकांना माहीत असलेलं बंदर, अरब त्याला सैमूर म्हणायचे. आज नारळी-पोफळीच्या वाड्या, शांत रस्ता, आणि रेवदंड्याला पोर्तुगीज कोटाच्या भिंतीतूनच गाडी आरपार जाते. गावच कोटाच्या आत आहे. पडक्या चर्चच्या मनोऱ्याला लोक सातखणी म्हणतात, सात खण मला मोजून सापडले नाहीत, पण आहे देखणा.

पण मला बघायचं होतं ते शाळेच्या आवारातलं स्मारक, एका रशियन माणसाचं. अफानासी निकितिन, त्व्येर गावचा व्यापारी, १४६९ च्या सुमारास इथे उतरला. वास्को द गामा यायला अजून जवळजवळ तीस वर्षं होती. चौलला तो आपल्या लिखाणात चिविल म्हणतो. लिहितो की इथले लोक अंगावर फारसं काही घालत नाहीत, आणि मी जाईन तिथे माझ्या मागे गर्दी, गोरा माणूस बघायला. पाचशे वर्षांनी गोव्यात चित्र बरोब्बर उलटं झालं, कपडे नाहीत ते गोऱ्यांच्या अंगावर आणि बघणारे आपण.

हा आला होता एक घोडा विकायला. एकच. दख्खनला चांगले घोडे पैदा होत नसत, समुद्रातून यायचे आणि सोन्याच्या भावाने जायचे, त्यामुळे हिशोब चुकीचा नव्हता. घोडा घेऊन हा घाट चढून जुन्नरला पोचला, आणि तिथल्या खानाने घोडा काढून घेतला. वर अट, मुसलमान हो, घोडा परत देतो आणि हजार मोहरा पण देतो, नाहीतर घोडा पण जाईल आणि हजार मोहरा तू भर. चार दिवसांची मुदत. शेवटी खुरासानचा एक मोठा माणूस मधे पडला आणि घोडा सुटला. निकितिन पावसाळाभर जुन्नरला अडकून पडला होता. पुढे बरंच फिरून घरी निघाला आणि गावी पोचायच्या आधीच वाटेत वारला, लिखाण तेवढं मागे राहिलं.

पण या सगळ्यात मला आवडलेलं वाक्य वेगळंच आहे. तो लिहितो की इथे घोड्यांना हरभरे घालतात, आणि साखर नि लोणी घालून किचिरिस शिजवतात. किचिरिस! साडेपाचशे वर्षांपूर्वीच्या रशियन हस्तलिखितात आपली खिचडी, आणि ती घोड्याची.

शाळेच्या फाटकाशी उभं राहून हे सगळं सासूबाईंना सांगितलं. घोडा परत मिळाला ऐकून त्यांना बरं वाटलं, पण खिचडीवर गाडी अडली. "साखर? खिचडीत?" घोड्याच्या, आई. "मग ठीक आहे. पण लोणी कशाला वाया घालवायचं, तूप घालावं ना."

पुढे साळावचा पूल ओलांडून कोर्लई. इथे मी गाडी जरा हळूच घेतली, कारण हे गाव माझ्या यादीत कित्येक वर्षं होतं. किल्ल्याखालच्या या वस्तीत सातआठशे-हजार माणसं एक भाषा बोलतात जी जगात दुसरीकडे कुठेच नाही. मुळात पोर्तुगीज, पण पोर्तुगीज १७४० मध्ये हा भाग मराठ्यांना देऊन गेले, शिपायांची लेकरं-नातवंडं इथेच राहिली, आणि भाषा पण राहिली. शब्द पोर्तुगीज, आणि वाक्य मात्र हळूहळू मराठीसारखं वळत गेलं, क्रियापद शेवटी वगैरे. ते स्वतः तिला नो लिंग म्हणतात, म्हणजे आपली भाषा. बस, एवढंच नाव.

किल्ला चढायला सासूबाईंनी नकार दिला, मी एकटी जाऊन आले. अरुंद डोंगराची सोंड समुद्रात घुसलेली, दोन्हीकडे पाणी, वारा असा की ओढणी गेलीच होती. खाली आले तर त्या सुकट-बोंबीलवाल्या बाईजवळ बसलेल्या. बाई आमच्याशी झकास रायगडी मराठीत बोलत होती आणि मधेच पोराला हाक मारून नो लिंगमध्ये काहीतरी झापत होती. मला एक अक्षर कळलं नाही, पण झापणं कळलं.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "आई, तुम्ही पण पोर्तुगीज बोलता." मग मुरूडपर्यंत हाच खेळ. चावी, पोर्तुगीज. पाव, बटाटा, कोबी, काजू, पोर्तुगीज. पगार, लिलाव, फीत, बिजागरी, तुरुंग, काडतूस, पिंप, परात. पहिली दहा त्यांनी निमूट ऐकली. घमेल्यापाशी भडकल्या. "घमेलं? घमेलं कसं काय? मग त्यांच्या आधी आम्ही माती कशात वाहत होतो?" टोपलीत असेल. "मग टोपलं आपलं ना?" आपलं. "आणि हापूस?" आता इथे मला घाम फुटला. हापूस म्हणजे अफोन्सो, अल्बुकर्क साहेबाच्या नावावरून, कलमं बांधायची कला पण त्यांनीच पसरवली. खिडकीबाहेर बघत बसल्या. काशीद गेलं, तरी बोलल्या नाहीत. मग एकदम, "आंबा तरी आपला आहे ना?" आंबा आपलाच आई. "मग नाव काही का ठेवेनात."

दिवस चौथा

जंजिऱ्याबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांचं बघून झालेलं असतं. राजपुरीहून शिडाची होडी, किल्ल्याचं दार अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही हे खरंय, कलालबांगडी तोफ खरंच मोठी आहे, आणि गाइड जे आकडे सांगतात ते दर गाइडागणिक वाढतात. दारावर पंजांत हत्ती पकडलेल्या वाघाचं शिल्प आहे, सासूबाईंना हत्तींची दया आली.

शब्दाची गंमत तेवढी सांगते. जझीरा म्हणजे अरबीत बेट. त्याचाच झाला जंजिरा. म्हणजे मुरूडचा जंजिरा आणि टीव्हीवरची अल जझीरा या सख्ख्या बहिणी. इथले सिद्दी मूळचे आफ्रिकेतले, हबश म्हणजे अॅबिसिनियाकडचे, त्यावरून हबशी, आणि त्यांच्या मुलखाला जुन्या कागदांत हबसाण म्हणायचे. शिवाजी महाराजांना हा किल्ला मिळाला नाही, संभाजी महाराजांनी तर समुद्रात भराव घालून वाट करायचा प्रयत्न केला, तरी नाही, आणि सिद्दींचं संस्थान थेट १९४८ पर्यंत टिकलं.

परत येताना वारा पडला. शीड लोंबायला लागलं, होडी जागच्या जागी डुलतेय, एक पुणेकर काका नावाड्याला विचारतायत, "किती वेळ?" नावाडी म्हणाला, "वाऱ्याला विचारतो." सासूबाई खूश. म्हणाल्या, "आज सप्तमी. सात पाऊण सव्वापाच. पाणी आता आत येतंय, नेईल ते." वीसेक मिनिटांनी वारा आला, का पाण्याने नेलं माहीत नाही, काकांनी मात्र तोवर त्यांच्याकडून अख्खी पाऊणकी लिहून घेतली होती. माझ्या वहीच्या पानावर. पान फाडून.

मांडव्याहून संध्याकाळची बोट मिळाली. घरी पोचेपर्यंत रात्रीचे साडेदहा, नवरा सोफ्यावर, स्वयंपाकघर थंड. सासूबाईंनी पदर खोचला आणि कुकर लावला. पंधरा मिनिटांत तांदूळ-मुगाची खिचडी. त्याच्या ताटलीत तूप वाढलं, साखरेचा डबा उघडला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "याला घालू का गं थोडी?"